ट्रेनर येतो सहाला, तुम्ही उठता आठला!

फी भरली, ट्रेनर लावला, आता डॉगी आपोआप शहाणा होणार? मालक गैरहजर असताना झालेलं ट्रेनिंग नेमकं किती टिकतं, त्याचा हा हिशेब.

नवी नोकरी, मिहानपर्यंत रोजचं अप-डाऊन, वर्धा रोडवर टू बीएचके आणि घरात लॅब्रेडॉरचं पिल्लू. नागपुरातल्या यंग कपल्सचं हे पॅकेज आता कॉमन झालंय. पिल्लू दोन महिन्यांचं असतं तोवर सगळं कसं गोड गोड असतं. मोबाईलची गॅलरी त्याच्याच फोटोंनी भरते. पण सात-आठ महिन्यांत तेच पिल्लू वीस किलोंच्या पुढे जातं. सोफ्याचा कोपरा कुरतडतं, दारातल्या पाहुण्याच्या अंगावर झेपावतं आणि फिरायला नेलं की कोण कोणाला फिरवतंय, हेच कळत नाही.

मग ऑफिसमधला एखादा मित्र सल्ला देतो, "अरे, ट्रेनर लाव ना!" मुलाला ट्यूशन लावावी, तसा ट्रेनर लागतो. टेन्शन खल्लास!

यात दोन प्रकार असतात. एक म्हणजे ट्रेनर घरी येतो, डॉगीला खाली घेऊन जातो, तासाभराने परत आणून सोडतो. तेव्हा आपण एकतर झोपेत असतो, नाहीतर ऑफिसात. दुसरा प्रकार बोर्डिंगचा. डॉगीला महिना-दोन महिने ट्रेनरकडेच ठेवायचं आणि 'तयार' झाला की घरी आणायचं. दोन्ही प्रकारांत आपल्याला फक्त पैसे द्यायचे असतात. बिझी माणसाला आणखी काय हवं?

पण मग एक सीन हमखास घडतो. ट्रेनरसमोर पुतळ्यासारखा बसणारा डॉगी तुम्ही "सिट" म्हटलं की तुमच्याकडे बघतो, जांभई देतो आणि निघून जातो. ट्रेनरची तक्रार करावी, तर तो म्हणतो, "सर, माझ्यासमोर तर बसतो न तो!" आणि तो खोटं बोलत नसतो.

तर मालकाशिवाय ट्रेनिंग होतं का? होतं, पण अर्धंच. कुत्रा नक्की शिकतो. फक्त तो कोणाचं ऐकायला शिकतो, ते बघायला हवं.

'सिट' म्हणजे नेमकं काय?

आपल्याला वाटतं, डॉगीला 'सिट' हा शब्द कळला. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात एक अख्खं चित्र बसलेलं असतं. सकाळची वेळ, बिल्डिंगचं पार्किंग, खिशात खाऊ ठेवणारा तो विशिष्ट माणूस, त्याचा आवाज, त्याचा वर जाणारा हात. या चित्रात बसलं की खाऊ मिळतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रात्री नऊला हॉलमध्ये, टीव्ही चालू असताना, सोफ्यावर लोळत तुम्ही तोच शब्द उच्चारता तेव्हा त्याच्यासाठी ते चित्रच वेगळं असतं. तो उद्धटपणा करत नसतो. हा धडा त्याला कोणी दिलेलाच नसतो.

प्राणी आपल्या शब्दांपेक्षा आपलं अंग किती वाचतात, याचा फेमस किस्सा बर्लिनचा आहे. 'हुशार हान्स' नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचं गुपित उघड केलं. घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात नकळत बारीक बदल व्हायचा, तो बघून घोडा थांबायचा. माणूस वाचण्यात कुत्राही काही कमी नाही. ट्रेनरला वाचायला तो शिकलाय. तुम्ही कसे वाचायचे, हे तुम्हीच त्याला दाखवायचंय.

पोलीस काय करतात?

झंजीर आठवतो? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रेडॉर. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. त्याचं ट्रेनिंग झालं होतं पुण्याला, राज्य सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात.

श्वानपथकांची पद्धत मुद्दाम बघण्यासारखी आहे. तिथे कुत्रा एकटा शिकायला जात नाही. पुढे जो पोलीस त्याला सांभाळणार, तो हॅन्डलरही सोबत शिकतो. कित्येक महिने दोघांची शाळा एकत्र भरते. खाऊ घालणं, साफसफाई, फिरवणं, सराव, सगळं त्याच माणसाच्या हातून. बऱ्याचदा एका कुत्र्यामागे दोन हॅन्डलर असतात, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम अडत नाही.

वाघाची कातडी आणि हाडं हुडकणाऱ्या श्वानांचंही तेच. 'ट्रॅफिक' या संस्थेने २००८ मध्ये भारतात हा कार्यक्रम सुरू केला. त्यातही वनविभागाचे कर्मचारी आपापल्या कुत्र्यासोबत महिनोन् महिने ट्रेनिंग घेतात. पेंच, मेळघाट, ताडोबा आजूबाजूला असलेल्या आपल्या विदर्भाला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

विचार करा, सरकारकडे फुल टाइम, एक्स्पर्ट इन्स्ट्रक्टर आहेत. कुत्रा तयार करून नुसता 'डिलिव्हर' करणं त्यांना जास्त सोपं गेलं असतं. तरी ते तसं करत नाहीत. मग आपण रोजच्या एका तासाच्या ट्रेनरकडून ती अपेक्षा का ठेवायची?

घरातले चार ट्रेनर

ट्रेनरचा एक तास संपतो, तेव्हा घराचे तेवीस तास सुरू होतात. तुम्ही शिकवत नसलात तरी डॉगी शिकतच असतो. ट्रेनर म्हणतो 'सिट', बाबा म्हणतात 'बैठ जा', आई म्हणते 'बस रे राजा' आणि तुम्ही मूडप्रमाणे काहीही. बिचाऱ्याने ऐकायचं कोणाचं?

जेवणाच्या टेबलाचं उदाहरण घ्या. सगळे म्हणतात, त्याला टेबलापाशी काही द्यायचं नाही. पण आजी दहातून एकदा हळूच पोळीचा तुकडा खाली टाकते. वाटतं, एकदाच तर दिलं! नेमकं हेच 'एकदाच' सगळ्यात महागात पडतं. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, की कधी मिळेल आणि कधी नाही याचा भरवसा नसलेलं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस सहजासहजी थांबत नाही, तसंच आहे हे. ट्रेनर कितीही भारी असला तरी आजीच्या पोळीपुढे त्याचं काही चालत नाही.

बोर्डिंगला पाठवायचं तर?

पाठवू नका असं नाही. पट्ट्यावर नीट चालणं, गर्दीची आणि ट्रॅफिकची सवय, ठराविक वेळेला बाहेर जाणं या गोष्टींचा पाया चांगला ट्रेनर आपल्यापेक्षा लवकर घालतो. कुत्रा चावत असेल, फार घाबरत असेल, तर प्रोफेशनल मदत घ्यायलाच हवी.

पण पाया घातल्यावर 'हँडओव्हर' लागतो. अंधांना वाट दाखवणाऱ्या गाइड डॉगचं बघा. त्याला ट्रेनर आधी महिनोन् महिने तयार करतात. तरीही ज्याला तो मिळणार, ती व्यक्ती त्याच्यासोबत स्वतंत्र ट्रेनिंग घेते. मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण १९२८ मध्ये यासाठी थेट स्वित्झर्लंडला गेला होता. तिथे बडी या कुत्रीसोबत तो स्वतः शिकला, मगच तिला घेऊन घरी परतला.

आणखी एक मुद्दा. पाठीमागे काय चाललंय, हे डॉगी सांगू शकत नाही. पोर्तुगालमधल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याला हिसके देणं, ओरडणं अशा शिक्षेवर भर देणाऱ्या क्लासमधल्या कुत्र्यांत बक्षिसाने शिकणाऱ्यांपेक्षा ताण जास्त आढळला. घरी आलेला डॉगी 'एकदम शांत' झाला असेल, तर तो शिकलाय की धसका घेतलाय, हे नीट बघा.

वेळ कुठून आणायचा, बॉस?

गुड न्यूज आहे. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेले कुत्रे रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सेशन्समध्ये धडा शिकले. लांबलचक सेशनपेक्षा छोटं सेशनही जास्त उपयोगी ठरलं. म्हणजे नोकरी सोडायची गरज नाही. ट्रेनर येतो तेव्हा आठवड्यातून दोन दिवस पूर्ण वेळ सोबत राहा. बाकीचे दिवस पाच-दहा मिनिटं पुरतात. जेवणाचं भांडं ठेवण्याआधी 'सिट', दार उघडण्याआधी 'स्टे'. झाला सराव!

आपल्याकडे उन्हाळ्याचं भान मात्र ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. त्या दिवसांत सेमिनरी हिल्सवर भल्या पहाटे, नाहीतर घरात पंख्याखाली.

नाही जमलं तर?

इथे फी वाया जाण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. "ट्रेनिंग देऊनही सुधारत नाही" असा शिक्का बसला की त्याची जागा हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून गच्चीवरच्या साखळीला जाते. मग 'कोणी घेतं का बघा' सुरू होतं. काही रस्त्यावरच सोडले जातात. घरच्या वाटीत खाल्लेल्या कुत्र्याला रस्त्यावरचं जगणं झेपत नाही.

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा सांगतो, की सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायची टाळाटाळ हा गुन्हा आहे, आणि उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? १० ते ५० रुपये. तर्री-पोह्याच्या एक-दोन प्लेट! तेव्हा कायद्याच्या भीतीने कोणी सुधारेल, अशी आशा नको. कुत्र्याचं नशीब ठरतं ते घरात.

ट्रेनर तुमच्या डॉगीला दोन-तीन महिन्यांसाठी भेटतो. तुम्ही त्याला दहा-बारा वर्षं भेटणार आहात. उद्या सकाळी अलार्म सहाचा लावा.

ट्रेनर ठरवण्याआधी एवढं विचारा

- सेशनला मी हजर राहिलेलं चालेल का? 'नाही' म्हणाला, तर दुसरा बघा.
- चुकलं की काय करता? उत्तर फटका किंवा हिसका असेल, तर थँक यू म्हणा.
- घरच्या सगळ्यांना एकदा एकत्र शिकवाल का?
- शब्द कोणते वापरता? ते लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.
- बोर्डिंग असेल, तर मध्येच न सांगता भेटायला येऊ का? आणि शेवटी हँडओव्हरचे किती दिवस देणार?