जुन्या नकाशांचा संग्रह

जुनीं नाणीं व पोथ्या जमविणारे गृहस्थ आपणां सर्वांच्या परिचयाचे असतात; परंतु जुन्या छापील नकाशांचा नाद असलेला मनुष्य विरळा. नवी मुंबईसारख्या कालपरवां वसलेल्या शहरांत तर हा नाद चमत्कारिकच वाटावा. आमच्या मतें मात्र त्याचें प्रयोजन येथेंच अधिक आहे.

१५७० सालीं ऑर्टेलियस यानें अँटवर्प येथें एकाच आकाराचे नकाशे एकत्र बांधून पहिला अर्वाचीन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. अशा ग्रंथास 'ॲटलास' हें नांव मर्केटरच्या १५९५ च्या ग्रंथापासून पडलें. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत व रंग मागाहून हातानें भरीत. पत्र्याच्या दाबाचा कागदावर उमटलेला वळ, मधली घडी आणि पाठीमागील मजकूर या खुणा पारखी लोक प्रथम पाहतात.

हिंदुस्थानापुरतें बोलावयाचें तर जेम्स रेनेल याचा १७८२ चा नकाशा प्रसिद्ध आहे. आपल्या नकाशाच्या विवरणग्रंथांत त्यानें सदानंद नांवाच्या ब्राह्मणानें काढलेल्या गुजराथच्या नकाशाचा गौरवानें उल्लेख केला आहे. नकाशाची विद्या आपणांस सर्वस्वीं परकी होती असें मानणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, तेव्हां ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर भातखाचरें, मिठागरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. अलीकडे विमानतळासाठीं उलवे टेकडी कापली गेली व उलवे नदीचा प्रवाहही वळविला गेला. ती टेकडी व तो प्रवाह मुलांस दाखवावयाचा तर जुना नकाशाच काढावा लागेल. त्यासाठीं ऑर्टेलियस नको. एका मैलास एक इंच या मापाचें जुनें सर्वेचें पत्रक पुरे.

परंतु या नादापायीं एक पातकही घडतें. अखंड ग्रंथापेक्षां सुटीं पानें विकून अधिक पैसे मिळतात, म्हणून कित्येक व्यापारी शिवण उसवून ग्रंथाचा जीव घेतात. २००५ सालीं अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत स्मायली नांवाचा नकाशांचा व्यापारी पकडला गेला. निरनिराळ्या ग्रंथालयांतून सुमारें शंभर नकाशे चोरल्याचें त्यानें पुढें कबूल केलें. ग्राहक नसता तर चोरही नसता. यास्तव पान कोठून आलें हें विचारल्यावांचून तें विकत घेऊं नये.

घरांतील नकाशा उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये. खाडीकाठच्या दमट हवेंत त्यास वरचेवर कोरडा वारा द्यावा, व त्यावर चिकटपट्टी तर कधींही लावूं नये. आणि घराच्या वांटण्या होतील तेव्हां भांडींकुंडीं खुशाल वांटून घ्यावीं; बांधलेला नकाशाग्रंथ मात्र पानें न फोडतां एकाच्याच स्वाधीन करावा, अथवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस विचारून तिच्या हवालीं करावा. पानें वांटलीं कीं प्रत्येकाच्या भिंतीवर एकेक चित्र लागेल. पण ग्रंथ कोणाच्याच घरीं उरणार नाहीं.