चोवीस तासांची शर्यत

(माझदास्पीड या जपानी संघाने अनेक वर्षे अपयश सोसून मोटारींची एक अवघड शर्यत जिंकली. त्या प्रयत्नांची माहिती या पाठात दिली आहे.)

फ्रान्स देशात ल मान्स नावाचे एक शहर आहे. तेथे १९२३ सालापासून मोटारींची एक प्रसिद्ध शर्यत भरते. ही शर्यत दुपारी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. पूर्ण चोवीस तास गाड्या धावत असतात. एका गाडीसाठी दोन किंवा तीन चालक असतात व ते आळीपाळीने गाडी चालवतात. इंधन भरण्यासाठी व चाके बदलण्यासाठी गाडी मधूनमधून थांबते. पण घड्याळ थांबत नाही. जी गाडी चोवीस तासांत सर्वांत जास्त अंतर कापते ती विजयी ठरते. म्हणून येथे नुसता वेग पुरत नाही. गाडी टिकावी लागते आणि माणसेही टिकावी लागतात.

या शर्यतीत बरीच वर्षे युरोपातील व अमेरिकेतील गाड्याच जिंकत असत. १९९१ साली मात्र पहिल्यांदाच एक जपानी गाडी जिंकली. ती गाडी माझदा कंपनीची होती.

माझदा कंपनी जपानमधील हिरोशिमा शहराजवळची. १९२० साली ती स्थापन झाली, तेव्हा तेथे बुचाच्या वस्तू तयार होत असत. पुढे १९३१ साली कंपनीने तीन चाकी मालगाडी बाजारात आणली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि शहर बेचिराख झाले. कारखाना बाँबच्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटर दूर, एका टेकडीच्या आडोशाला होता. त्यामुळे तो बराचसा वाचला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून तीन चाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

१९६१ साली माझदाने एका जर्मन कंपनीशी करार केला व एका नव्या प्रकारच्या इंजिनाचा परवाना मिळवला. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. या इंजिनात दट्ट्याच नसतो. त्याऐवजी एक त्रिकोणी भाग पोकळीत गोल फिरतो. म्हणून त्याला रोटरी इंजिन म्हणतात. ते आकाराने लहान व वजनाने हलके असते. पण त्यात एक मोठा दोष होता. त्रिकोणाची टोके पोकळीच्या भिंतीवर घासत आणि भिंतीवर ओरखडे पडत. कारखान्यातील लोक त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. केनिची यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकांवरील पट्ट्यांसाठी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले. अखेर त्यांना यश आले. १९६७ साली रोटरी इंजिन असलेली माझदाची पहिली मोटार विक्रीस आली.

हे इंजिन खरोखर टिकाऊ आहे, हे जगाला कसे पटवायचे? त्यासाठी चोवीस तासांच्या शर्यतीसारखी दुसरी कसोटी नव्हती. १९७३ साली सिग्मा नावाची एक जपानी गाडी माझदाचे इंजिन लावून ल मान्सला उतरली. पण तिला शर्यत पूर्ण करता आली नाही. पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न झाला. त्या वेळी चालकांमध्ये योजिरो तेरादा हा जपानी तरुण होता. १९७९ साली माझदाची गाडी पात्रता फेरीतच बाद झाली. १९८१ साली दोन गाड्या उतरल्या आणि दोन्ही मध्येच बंद पडल्या. १९८२ साली एक गाडी शेवटपर्यंत धावली व चौदावी आली.

१९८३ साली माझदास्पीड हा संघ स्थापन झाला. ताकायोशी ओहाशी हे त्याचे प्रमुख होते. संघ मोठा नव्हता. पण दर वर्षी तो नवा धडा शिकत गेला. १९८७ साली त्यांची गाडी सातवी आली. १९८९ सालीही सातवा क्रमांक मिळाला. १९९० साली नवी, अधिक वेगवान गाडी आणली. परंतु त्या प्रकारच्या दोन्ही गाड्या बंद पडल्या. त्यातच नियम बदलणार होते. १९९१ नंतर रोटरी इंजिनाला या शर्यतीत जागा उरणार नव्हती. म्हणजे आता एकच संधी होती.

संघ पुन्हा कामाला लागला. इंजिन सुधारले, ब्रेक बदलले. ल मान्सची शर्यत सहा वेळा जिंकलेल्या जॅकी इक्स यांचा सल्ला घेतला. ओहाशी यांनी नियमांचा बारकाईने अभ्यास केला व गाडीला कमी वजनाची परवानगी मिळवली. मर्सिडीज व जॅग्वार यांच्या गाड्यांना १००० किलो वजनाची अट होती. माझदाला ८३० किलो पुरेसे होते. हलकी गाडी कमी इंधन खाते आणि तिची चाके व ब्रेकही कमी झिजतात.

२२ जून १९९१ रोजी शर्यत सुरू झाली. नारिंगी व हिरव्या रंगाची, ५५ क्रमांकाची माझदा एकोणिसाव्या जागेवरून निघाली. तिचे चालक होते फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. हर्बर्टच्या पायांना १९८८ सालच्या अपघातात गंभीर इजा झाली होती. रात्रभर एकेक गाडी मागे पडत गेली. माझदा मात्र एकाच लयीत धावत राहिली. शर्यत संपण्यास सुमारे तीन तास उरले असताना, सर्वांत पुढे असलेल्या मर्सिडीजचे इंजिन तापले व ती बंद पडली. माझदा पहिली झाली.

शेवटी गाडी हर्बर्टच्या हाती होती. चालक बदलण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो खाली उतरलाच नाही. ३६२ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४९२३ किलोमीटर अंतर कापून गाडीने शर्यत जिंकली. शरीरातील पाणी कमी झाल्याने हर्बर्ट कोसळला. त्याला उपचारांसाठी नेले आणि विजयाच्या मंचावर त्याची जागा रिकामीच राहिली. योजिरो तेरादा त्या दिवशी माझदाच्या दुसऱ्या गाडीत होता. ती गाडी आठवी आली.

नंतर जपानमध्ये ते इंजिन उघडून पाहिले, तेव्हा ते सुस्थितीत होते. माझदास्पीड संघ १९९९ साली बंद झाला. ल मान्समध्ये दुसऱ्या जपानी कंपनीला, म्हणजे टोयोटाला, विजय मिळाला तो २०१८ साली.

२०११ साली, विजयाला वीस वर्षे झाल्यानिमित्त, तीच गाडी ल मान्सच्या मार्गावर पुन्हा धावली. चालक होता जॉनी हर्बर्ट. या वेळी तो विजयाच्या मंचावर उभा राहिला.

शब्दार्थ
आळीपाळीने – एकानंतर एक, पाळीपाळीने
बेचिराख होणे – पूर्ण नष्ट होणे
आडोसा – आड, आसरा
दट्ट्या – इंजिनात वरखाली होणारा भाग
कसोटी – परीक्षा

स्वाध्याय
१. ल मान्सच्या शर्यतीत नुसता वेग का पुरत नाही?
२. रोटरी इंजिनात कोणता दोष होता?
३. १९९१ हे वर्ष माझदास्पीडसाठी शेवटची संधी का होते?
४. हर्बर्टची मंचावरील जागा रिकामी का राहिली?
५. 'घड्याळ थांबत नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.