गोल करणं वेगळं, संघ घडवणं वेगळं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठांपासून राजारामपुरीच्या गल्ल्यांपर्यंत चर्चा गोल मारणाऱ्याचीच. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला फॉरवर्ड अनिकेत जाधव याच शहराचा. असा खेळाडू निवृत्त झाला की संघ त्याच्याच हाती द्यावा, असं वाटणं साहजिक आहे. पण गोलांची पुण्याई प्रशिक्षकाला पुरत नाही. इंग्लंडच्या ॲलन शिअररच्या नावावर प्रीमियर लीगमधले विक्रमी २६० गोल आहेत. २००९ मध्ये न्यूकॅसल युनायटेडची सूत्रं त्याच्याकडे आली; आठ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि संघ खालच्या श्रेणीत गेला. संघ आधीच गाळात होता, हे खरं. तरी त्याला वर काढायला नुसतं नाव कामी आलं नाही.

यावर कुणी ब्रायन क्लफचा दाखला देईल. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा फॉरवर्ड पुढे व्यवस्थापक झाला आणि त्याच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ व १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. पण त्याची सुरुवात १९६५ मध्ये, तिशीत, चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूल्समध्ये झाली. सोबत पीटर टेलर होता. स्वतः गोलरक्षक, पण खेळाडू हेरण्यात पटाईत. क्लफचे गोल सगळ्यांना आठवतात, ही उमेदवारी कुणी मोजत नाही. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाचं. डेंपोचा हा विंगर आधी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून राबला. मग २०२३ मध्ये त्याच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला.

तालमींकडे असे प्रशिक्षक घडवायला पैसा कुठून येणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण परदेशी खेळाडू आणायला तो उभा राहतोच. शिवाय शिकवणाऱ्याचा मान कोल्हापूरला नवा नाही. कुस्तीत पैलवान जिंकला की त्याच्या वस्तादाचंही नाव निघतं. फुटबॉलमध्ये तो मान मिळवायची वाट भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक लायसन्सच्या अभ्यासक्रमांतून जाते. प्रत्येक तालमीने उतरणीला लागलेला एक तरी जाणता खेळाडू तिकडे पाठवावा. तो फॉरवर्डच हवा, असं मात्र नाही. मैदान नीट वाचणारा बचावपटूही चालेल.