गोळी झाडायची की जपायची? एका गेमने शिकवलेलं खेळतं भांडवल

मागच्या व्हिडिओनंतर एकाने विचारलं, "सर, धंदा चालतोय, गिऱ्हाईक आहे, मग गल्ल्यात पैसे का राहत नाहीत?" खरं सांगू? बीबीए करूनही मला याचं उत्तर नीट कळलं नव्हतं. कळलं ते भाच्याच्या लॅपटॉपवर.

मे महिन्याच्या सुट्टीत तो तळ्याला आला होता. एरवी मोबाईलवर पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' खेळणारा पोरगा त्या दिवशी 'मेट्रो २०३३' घेऊन बसलेला. समोरून राक्षस येतोय आणि हा गोळीच झाडेना. मी म्हटलं, "अरे, मार ना!" तर म्हणतो, "मामा, ही गोळी म्हणजे पैसा आहे."

मी शटर अर्धं ओढलं आणि शेजारी बसलो.

गेम २०१० चा, युक्रेनमधल्या कीवच्या फोर-ए गेम्स कंपनीचा, दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबरीवरून केलेला. अणुयुद्ध झालंय, वरची हवा विषारी आहे, उरलेली माणसं मॉस्कोच्या भुयारी मेट्रो स्टेशनांत राहतात. नोटांना किंमत नाही. तिथलं चलन म्हणजे युद्धाआधी बनलेल्या लष्करी गोळ्या. त्या देऊन स्टेशनवरच्या दुकानातून मास्कचे फिल्टर, औषधं, बंदुका घ्यायच्या. आणि त्याच गोळ्या बंदुकीत भरल्या, तर भुयारात बनवलेल्या हलक्या गोळीपेक्षा जास्त मारा करतात. म्हणजे घाबरून ट्रिगर दाबलात की राक्षस मरेल, पण खिसा रिकामा होईल. पुढे फिल्टर संपला की श्वास कोंडणार.

हे बघताना मला माझ्या छत्र्या आठवल्या.

तीन वर्षांपूर्वी जुलैत एका होलसेलवाल्याने छत्री-रेनकोटवर वीस टक्के सूट दिली. मी साठ हजारांचा माल उचलला. कोकणात छत्री खपणारच, नाही का? पण आपल्याकडची माणसं छत्री मे-जूनमध्येच घेऊन मोकळी होतात! ऑगस्ट आला. चाकरमानी गावी येणार, मखराचे पडदे, तोरणं, लाइटच्या माळा, ही माझी वर्षाची मोठी विक्री. गल्ल्यात होते आठ हजार. उधारीवर माल मागितला तर समोरून "आधी मागचं भागवा." छत्र्या विकल्या गेल्या, नाही असं नाही, पण पुढच्या जूनमध्ये. नफाही झाला. फक्त त्या गणपतीत माझं दुकान अर्धं रिकामं होतं आणि माझी गिऱ्हाइकं माणगावच्या बाजारात.

नफा कागदावर असतो, रोकड हातात असते. मी रोकड छत्रीवर झाडून बसलो होतो.

आता गेम बनवणाऱ्यांची गोष्ट ऐका, कारण ती माझ्यापेक्षा भारी आहे. पुढचा भाग 'मेट्रो लास्ट लाइट' बनवताना त्यांचं बजेट मोठ्या स्पर्धकांच्या दहा टक्के होतं. हे त्यांच्या प्रकाशक कंपनीचे, टीएचक्यूचे, तेव्हाचे प्रमुख जेसन रुबिन यांनीच २०१३ मध्ये सांगितलं. लग्नातल्यासारख्या घडीच्या खुर्च्यांवर कोपराला कोपर लावून पोरं बसायची, आणि सारखी लाइट जायची. (पावसाळ्यात दुकान चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.) त्यात डिसेंबर २०१२ मध्ये टीएचक्यूच दिवाळखोरीत गेली. पैसा लावणाराच बुडाला! लिलावात गेमचे हक्क कोख मीडियाने घेतले आणि मे २०१३ मध्ये गेम बाजारात आला. माल जवळपास तयार होता म्हणून नवा घेणारा मिळाला, असं मला वाटतं. अर्धवट असता तर कोण हात लावणार होतं?

तर आता तुमचं काम. आज दुकान बंद करताना वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे तीस दिवसांत रोकड होईल असा माल, उजवीकडे त्याहून जास्त थांबणारा. किंमत खरेदीची लिहा, एमआरपी नको. उजवीकडची बेरीज डावीपेक्षा मोठी आली तर पुढची "सूट आहे, उचला" ऑफर येईल तेव्हा फोन कानाला लावायच्या आधी ते पान बघा.

माझ्या उजव्या रकान्यात आजही अकरा छत्र्या आहेत.