पांढरा कापूस, काळी माती आणि मधला चेहरा

तत्त्वज्ञानाचा मास्तर कॅमेऱ्यावर काय बोलणार, असं वाटेल. पण प्रश्न आमच्याच विषयातला आहे. काळोख म्हणजे प्रकाशाचा अभाव, असं न्याय-वैशेषिक म्हणतात. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, ते स्वतंत्र द्रव्य आहे. हा वाद आम्ही वर्षानुवर्षं शिकवला, पण तो कळला यवतमाळजवळच्या एका शेतात, कापूस वेचणीच्या दिवसांत.

भर दुपार. फुटलेली बोंडं, खाली काळी माती, आणि कपाळावर पदर ओढून वेचणाऱ्या बाया. पुण्यातल्या लेकीला पाठवायला एका बाईंना फोटो हवा होता. आम्ही काढला, दाखवला. त्या म्हणाल्या, "कापूस त मस्त दिसून राह्यला सर, पन मी कुठी हाय?"

खरंच, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग!

झालं असं, की कॅमेऱ्याचं मापक समोरचं दृश्य सरासरीने करडं आहे असं धरून चालतं. चौकट कापसाने भरली की त्याला उजेड जास्त वाटतो आणि ते प्रकाश कमी घेतं. आपला डोळा कापसावरून चेहऱ्याकडे वळता वळता स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणी एकच माप लावावं लागतं. मग आम्ही एक्सपोजर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवलं. चेहरा आला, पण कापसाचा चुना झाला.

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू वाटीसारखा असतो. वाटी भरली की पुढचा प्रकाश सांडून जातो, तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. अंधाऱ्या भागात मात्र थोडं काही उरलेलं असतं, दाणेदार का होईना. म्हणजे अभाव पांढऱ्यात, द्रव्य काळ्यात! (नैयायिक मित्रांनी रागावू नये.) म्हणून हिस्टोग्राम उजव्या काठाला आपटू न देता कापूस सांभाळावा, आणि फोटो रॉ मध्ये घ्यावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ मध्ये 16,384. सावली नंतर उजळायला तेवढा वाव मिळतो. तीन वेगवेगळे फोटो जोडण्याची युक्ती देवळाच्या गाभाऱ्याला ठीक, वेचणाऱ्या हातांना नाही. हात थांबतात कुठे?

शेवटी उपाय शेतातच सापडला. वेचलेल्या कापसाच्या ढिगाशी बाईंना बसवलं, सूर्य पाठीशी. ढिगावरून परतलेला उजेड पदराखाली शिरला.

फोटो पाहून त्यांनी पदर जरा मागे सारला. "आता अजून एक काढा."