आडोशाची शर्यत (वेगाची किंमत : भाग सातवा)

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १८८ फेऱ्यांची शर्यत संपत आली होती, जेमतेम पाच फेऱ्या उरल्या होत्या. सगळ्यात पुढे ऑस्टिन सिंड्रिक. त्याच्या बंपरला नाक लावून जोई लोगानो आणि लोगानोच्या मागे ब्रॅड केसेलाउस्की. केसेलाउस्कीने लोगानोला रेटलं, लोगानोचा धक्का सिंड्रिकच्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला बसला आणि ती गाडी आडवी झाली. पुढच्या काही सेकंदांत चाळीसपैकी २८ गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत एवढ्या गाड्या एकाच अपघातात सापडल्याची याआधी नोंद नाही.

गंभीर दुखापत कोणालाच झाली नाही. पत्रे, प्लास्टिक, तेल गोळा करायला शर्यत नऊएक मिनिटं थांबली, पुन्हा सुरू झाली आणि रिकी स्टेनहाउस ज्युनियरने ती ०.००६ सेकंदाने जिंकली. त्या वेगाला एवढा वेळ म्हणजे अर्धा मीटर, जेमतेम दोन विती.

मागच्या भागात आपण ट्रॅकचा कल पाहिला. तो वाचून एका वाचकांनी फोनवर अगदी घरगुती प्रश्न विचारला : “अहो, पण पुढे गाड्या आपटताना दिसतात तर मागचे लोक ब्रेक का लावत नाहीत?” आजचा भाग या एकाच प्रश्नासाठी.

आधी हिशेब. टॅलाडेगाला गाड्यांचा जथा साधारण ताशी ३०५ किलोमीटरने पळतो, म्हणजे सेकंदाला ८५ मीटर. डोळ्याला दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय हलला, याला तरबेज ड्रायव्हरलाही पाव सेकंद लागतो असं धरू. तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. गाडीची लांबी पाच मीटरला किंचित कमी. म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंत चार गाड्यांएवढं अंतर संपलं. आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर किती? बऱ्याचदा शून्य.

शिवाय वळणावरचा कल तब्बल ३३ अंशांचा. घरातला जिना साधारण एवढाच उभा असतो. त्या जिन्यावरून आडवं पळताना टायरांची सगळी पकड गाडी वळवण्यात खर्च झालेली असते. तिथे ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या आधी फिरते. आणि समजा फिरली नाही, तरी मागचा तुमच्या डिकीत शिरतोच. त्यालाही पाव सेकंदच मिळालेला असतो.

तर ब्रेक लावतात, पण उपयोग नसतो. मग एवढ्या जवळ जातातच कशाला?

आमच्या गावाकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शाळेतून येताना आम्ही पोरं उसाच्या ट्रॉलीमागे सायकल घालायचो. समोरून बोचरा वारा असायचा, पण ट्रॉलीच्या मागे चार हातांवर आलं की तो एकदम बंद व्हायचा आणि पेडल हलकं लागायचं. जितकं जवळ, तितकं हलकं. या आडोशाचा तोटाही मला तिथेच कळला. ट्रॉलीमागून पुढचा रस्ता दिसत नाही. एकदा ट्रॅक्टरवाल्याने खड्डा बघून वेग कमी केला आणि माझं पुढचं चाक थेट ट्रॉलीखाली. हनुवटीवरची खूण अजून आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेल्यांनाही हे नवीन नाही. स्वार एकामागे एक चिकटून का पळतात, ते यासाठीच.

गाड्यांच्या बाबतीत यात आणखी एक गंमत आहे. मागच्या गाडीला आडोसा मिळतो हे उघड आहे. पण पुढच्या गाडीच्या पाठीमागे हवेची जी पोकळी तयार होऊन तिला मागे ओढत असते, ती पोकळी मागच्या गाडीमुळे भरून निघते. त्यामुळे फायदा दोघींचा होतो. दोन गाड्या चिकटून पळाल्या तर एकट्या गाडीपेक्षा दोघीही जास्त वेगात जातात.

हे शर्यतीत जिंकण्यासाठी प्रथम वापरल्याचं श्रेय ज्युनियर जॉन्सनला दिलं जातं. हा नॉर्थ कॅरोलायनाचा गडी, घरचा धंदा हातभट्टीचा. रात्री दिवे मालवून डोंगरातल्या रस्त्यांवर दारूच्या गाड्या पळवायच्या आणि पोलिसांना चुकवायचं, यातच त्याचा हात तयार झाला. तुरुंगातही जाऊन आला. पुढे १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. स्टॉक कार शर्यतीची पाळंमुळं बरीचशी या हातभट्टीवाल्यांत आहेत. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशीच गाडी. आज त्या गाडीत दुकानातलं काही उरलेलं नाही, अंगावर फोर्ड, शेवरले, टोयोटाचा चेहरा तेवढा असतो. १९६० मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर झालेल्या डेटोना ५०० या शर्यतीसाठी जॉन्सनकडे जी शेवरले होती ती पॉन्टियाक गाड्यांपुढे पारच कमी पडत होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की एखाद्या पॉन्टियाकच्या मागे चिकटलं की आपली गाडी तिच्याच वेगाने पळते. शर्यतभर त्याने हेच केलं आणि १४ फेब्रुवारीला तो जिंकला.

आदल्याच दिवशी, १३ फेब्रुवारीला, त्याच ट्रॅकवर दुय्यम दर्जाच्या गाड्यांची एक शर्यत झाली. ६८ गाड्या सुटल्या. पहिल्याच फेरीत एकीचा तोल गेला, आणि बघता बघता ३७ गाड्या एकमेकींवर चढल्या. म्हणजे आडोशाचा फायदा आणि आडोशाचा तोटा, दोन्ही एकाच शनिवार-रविवारी डेटोनाच्या डांबरावर लिहून ठेवले गेले होते. पण त्या काळात गाड्यांची ताकद सारखी नव्हती. काही वेळाने दमदार गाड्या पुढे निघून जायच्या, जथा विरळ व्हायचा. मोठा ढीग अधूनमधून होई, पण ठरल्यासारखा नाही.

तो ठरल्यासारखा व्हायला लागला याला कारण एक नियम. आणि तो नियम सुरक्षिततेसाठी केलेला होता.

टॅलाडेगा १९६९ मध्ये बांधला गेला, एका जुन्या लष्करी विमानतळाच्या जागेजवळ. फेरी ४.२८ किलोमीटरची, ॲक्सिलरेटरवरून पाय न काढता पुरी करता येईल अशी. एप्रिल १९८७ मध्ये बिल इलियटने तिथे पात्रता फेरीत ताशी ३४२ किलोमीटर गाठले. त्याच आठवड्याच्या शर्यतीत, ३ मे रोजी, बॉबी ॲलिसनच्या गाडीचा मागचा टायर फाटला. गाडी फिरली, उलट्या तोंडाने हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीला भिडली. जाळीचा मोठा पट्टा खांबांसकट फाटला. काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी आणखी थोडी वर गेली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज आयोजकांना आला आणि विमा कंपन्यांनाही आला असणारच.

बॉबी बचावला. त्याच्या पुढे त्याचाच मुलगा डेव्ही पळत होता, त्याने हे सगळं आरशात पाहिलं. शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर डेव्हीच जिंकला, कारकिर्दीतला पहिला विजय.

पुढच्या वर्षापासून टॅलाडेगा आणि डेटोना या दोन ट्रॅकवर इंजिनाच्या नरड्यावर एक चकती बसवायचं ठरलं. ॲल्युमिनियमचा तळहाताएवढा पत्रा, त्याला चार भोकं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधे तो बसवला की आत जाणारी हवा कमी होते, हवा कमी म्हणून इंधन कमी, आणि ताकद घटते. आता इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी ग्यानबाची मेख या जागी आहे.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तो तोडायला लागणारी ताकद घनाने. याचा अर्थ असा की ताकद निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही, तो साधारण एक पंचमांशानेच कमी होतो. गाड्या जमिनीवर राहतील एवढा वेग उतरवायचा तर इंजिनं फार मोठ्या प्रमाणात आवळावी लागतात. आवळली की सगळीच सारखी अशक्त होतात. मग कोणीच कोणाला मागे टाकून निघून जाऊ शकत नाही. एकट्याने पळणारा हवेपुढे हतबल, चिकटून पळणारे पुढे. पाय जरा उचलला की गेलेला वेग परत मिळवायला या मरगळलेल्या इंजिनाला फेऱ्याच्या फेऱ्या लागतात, म्हणून एकट्याने पाय कोणीच उचलत नाही. चाळीस गाड्या, तीन-तीनच्या रांगांत, वीतभर अंतरावर, तासन् तास. जथा फुटायची वाटच बंद झाली.

म्हणजे गाडी प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून उपाय केला, आणि त्या उपायाने ड्रायव्हरांना एका डब्यात कोंबलं. या डब्यातल्या अपघाताला अमेरिकेत नावच पडलं, ‘द बिग वन’. चकती २०१९ मध्ये गेली, तिच्या जागी हवा आवळणारी दुसरी निमुळती खिडकी आली. आजच्या गाड्यांना या ट्रॅकवर ५१० अश्वशक्ती मिळते. तत्त्व तेच.

चिकटून पळताना गाडी नेमकी फिरते कशी? मागची गाडी फार जवळ आली की पुढचीच्या मागच्या पंखावरून वाहणारी हवा बिघडते, त्या पंखाचा दाब कमी होतो आणि मागची चाकं हलकी पडतात. त्यात बंपरचा धक्का मधोमध न बसता कोपऱ्याला बसला, तर तो गाडीला पुढे न ढकलता फिरवतो. सरळ रस्त्यावर हे निभावतं. वळणात तोच धक्का घात करतो. सिंड्रिकलाही असाच कोपऱ्याला धक्का बसला होता.

फिरलेली गाडी आधी कलावरून वर चढते, बाहेरच्या भिंतीला लागते, मग उतारावरून घरंगळत पुन्हा मधे येते. जुने ड्रायव्हर नवख्याला सांगतात की जिथे गाडी फिरताना दिसते तिथेच नाक घाल, तू पोचेपर्यंत ती तिथे नसेल. सल्ला चांगला आहे, फक्त टॅलाडेगाला तोच सल्ला ऐकलेले आणखी वीस जण शेजारी असतात. समोर टायरांचा पांढरा धूर. डोकं आसनाच्या कानांमध्ये घट्ट बसवलेलं, बाजूला नीट बघता येत नाही. डोळे दुसऱ्याचे असतात : प्रेक्षागृहाच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर रेडिओवर बोलत असतो, आत एक, बाहेर एक, मोकळं. तो ओरडला तरी त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर शंभर मीटर गेलेले असतात.

हे सारं बहुतेकदा शेवटच्या फेऱ्यांत का होतं, यालाही कारण आहे. अलीकडे संघ शर्यतीचा मोठा भाग इंधन वाचवत अर्ध्या दमाने पळतात, म्हणजे थांब्यावर पेट्रोल कमी भरावं लागतं आणि बाहेर पडताना जागा पुढची मिळते. दोन तास कोणी कुरापत काढत नाही. मग शेवटी सगळ्यांना एकदमच पुढे जायचं असतं. आषाढीला नामदेव पायरीपाशी होते ती रेटारेटी, तीही ताशी ३०५ ने.

यात एक उफराटी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढच्या आठवड्यात नीट बघू. १८ फेब्रुवारी २००१ च्या डेटोना ५०० मध्ये १७३ व्या फेरीला असाच मोठा ढीग झाला, टोनी स्ट्युअर्टची गाडी हवेत कोलांट्या खात दुसऱ्या गाड्यांवर पडली. पाहणाऱ्यांच्या काळजात धस्स झालं. स्ट्युअर्ट वाचला. शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टची गाडी भिंतीला लागली, बघायला अगदी साधी टक्कर. अर्नहार्ट त्यात गेला. कोलांट्या खाणारी गाडी आपली ऊर्जा हप्त्याहप्त्याने फेडते. भिंतीला भिडणारी एकरकमी. त्यानंतर सक्तीचा झालेला मानेचा पट्टा आणि नंतर बसवलेल्या ऊर्जा गिळणाऱ्या भिंती यांच्यामुळे २८ गाड्यांच्या ढिगातून आज माणसं चालत बाहेर येतात.

माझं मत विचाराल तर १९८८ चा निर्णय बरोबर होता. जाळीपलीकडे बसलेल्या माणसाने जिवाची जोखीम तिकिटाबरोबर विकत घेतलेली नसते. पण त्यालाही आता साडेतीन दशकं उलटून गेली. एवढ्या वर्षांत जथा मोकळा करणारी गाडी किंवा ट्रॅक आखायचा गंभीर प्रयत्न झालेला मला दिसत नाही, कारण तो ढीग खपतो. शर्यतीआधी चर्चा ‘बिग वन’ कधी होणार याचीच असते. ज्याची वाट बघितली जाते त्याला अपघात म्हणणं मला जड जातं.

या नियमानंतरची पहिली डेटोना ५००, १९८८ ची, बॉबी ॲलिसनने जिंकली. दुसरा आला डेव्ही. त्याच वर्षी जूनमध्ये पोकोनोच्या अपघातात बॉबीच्या डोक्याला जबर मार बसला आणि मुलाबरोबरचा तो दिवस त्याच्या स्मरणातून कायमचा गेला. डेव्ही १९९३ मध्ये टॅलाडेगाच्याच आवारात हेलिकॉप्टर कोसळून गेला. २८ गाड्यांच्या त्या ढिगानंतर महिनाभराने, ९ नोव्हेंबर २०२४ ला, बॉबीही गेला.

कधी टॅलाडेगाची शर्यत बघायला बसलात, तर शेवटच्या दहा फेऱ्यांत पहिल्या गाडीकडे बघू नका. तिसऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरवर नजर ठेवा.