प्रश्न विचारायची नोकरी

वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात परदेशी पंतप्रधान, मंत्री, लष्करी अधिकारी जेवायला यायचे आणि जेवणानंतर भाषण ठोकायचे. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानाची बातमी पुष्कळदा तिथेच मिळे. सदस्य मात्र फक्त पुरुष. महिला पत्रकारांनी फारच धोशा लावला, तेव्हा १९५५ साली त्यांना सज्जात उभं राहायची परवानगी मिळाली. खाली पुरुष पत्रकार टेबलाशी बसून जेवताहेत, आणि वर कॅमेरे, दिवे, वायरींच्या गर्दीत, उकाड्यात या बायका वही-पेन्सिल सांभाळत उभ्या. जेवण नाही ते नाहीच, वरून प्रश्नही विचारायचा नाही. उपाशी राहणं एक वेळ चालेल, पण बातमीदाराला प्रश्नबंदी?

१९५९ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव क्लबात येणार होते. महिलांनी इतका आवाज उठवला, की त्या दिवसापुरती तरी त्यांना खाली जागा द्यावी लागली. महिला पत्रकारांच्या वेगळ्या क्लबाची तेव्हाची अध्यक्ष प्रमुख टेबलाशी बसली. ती हेलन थॉमस. क्लबाचं सदस्यत्व बायकांना मिळायला त्यानंतरही १९७१ साल उजाडावं लागलं.

हेलनचा जन्म १९२० चा, केंटकी राज्यातल्या विंचेस्टरचा. आईवडील आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीहून आलेले, घरात मुलांचं लेंढार, वाढली डेट्रॉइटमध्ये. १९४२ मध्ये पदवी घेऊन ती वॉशिंग्टनला आली. १९४३ मध्ये युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत लागली, ती आठवड्याला २४ डॉलरवर. काम भल्या पहाटेचं, रेडिओसाठी स्थानिक बातम्या लिहायचं. वृत्तसंस्थेच्या मजकुरावर ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना ही शाळा ठाऊक असते: सगळ्यात आधी, सगळ्यात थोडक्यात, आणि स्वतःचं मत शून्य. हेलनबाईंच्या नावापुढे ‘पहिली महिला’ ही बिरुदं पुढे ढिगानं लागली, पण मला वाटतं त्यांचं खरं भांडवल या पहाटेच्या पाळ्यांचं होतं.

केनेडींच्या प्रचाराची बातमीदारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये त्या व्हाइट हाउसला आल्या. अपेक्षा अशी, की बाईनं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे पोशाख नि मुलांचं बालपण लिहावं. तेही त्यांनी लिहिलं, पण राष्ट्राध्यक्षांच्या रोजच्या वार्तालापातही जाऊन बसू लागल्या. व्हाइट हाउस वार्ताहर संघटनेच्या वार्षिक मेजवानीला बायकांना मज्जाव होता. १९६२ मध्ये त्यांनी केनेडींना गळ घातली, की महिलांना प्रवेश नसेल तर तुम्हीही जाऊ नका. दारं उघडली. पुढे १९७५ मध्ये त्याच संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

१९७२ मध्ये निक्सन चीनला गेले, तेव्हा छापील माध्यमांतल्या सोबत असलेल्या एकमेव स्त्री हेलन होत्या. पण त्या वर्षीची त्यांची अधिक रंगतदार बातमी फोनवरून आली. निक्सन यांच्या प्रचारप्रमुखांची, जॉन मिचेल यांची पत्नी मार्था वेळीअवेळी पत्रकारांना फोन करी. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी होऊन आठवडाही झाला नव्हता. कॅलिफोर्नियातून मार्था हेलनना सांगत होती, की नवऱ्यानं राजकारण सोडलं नाही तर मी त्याला सोडीन. बोलता बोलता ती कुणावर तरी ओरडली आणि फोन तुटला. पुन्हा लावल्यावर उत्तर मिळालं, बाईंची तब्येत बरी नाही. हेलननी मग थेट मिचेलना गाठलं. त्यांनी हसून उडवून लावलं. हेलननी बातमी धाडली. पुष्कळांनी मार्थाला वेडी ठरवलं. तिचा फोन भिंतीतून उपटला गेला होता, हे नंतर कळलं.

केनेडी ते ओबामा असे दहा राष्ट्राध्यक्ष त्यांनी पाहिले. पत्रकार परिषद आटोपताना ‘थँक यू, मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणायचा वृत्तसंस्थेच्या ज्येष्ठ वार्ताहराचा मान बरीच वर्षं त्यांच्याकडे होता. २००० मध्ये संस्था सन म्युंग मून यांच्या पंथाशी संबंधित कंपनीनं विकत घेतली, आणि ५७ वर्षांची नोकरी त्यांनी सोडली. मग हर्स्ट वृत्तपत्रांत स्तंभ. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तीन वर्षांनी प्रश्नासाठी त्यांच्याकडे बोट केलं, तर बाईंनी विचारलं, इराक युद्धाची तुम्ही सांगितलेली सगळी कारणं खोटी ठरली, मग खरं कारण कोणतं? हा प्रश्न वृत्तसंस्थेचा नव्हे, स्तंभलेखिकेचा होता. तरी त्या दालनात तो कुणीतरी विचारायलाच हवा होता.

मे २०१० मध्ये मात्र एका रब्बीच्या कॅमेऱ्यासमोर त्या बोलून गेल्या, की इस्रायलींनी पॅलेस्टाइन सोडून पोलंड, जर्मनी, अमेरिकेत परत जावं. ज्या पोलंड-जर्मनीत ज्यूंचा संहार झाला त्यांचीच नावं घेऊन असं म्हणणं क्रूर होतं. वयाचं कारण देऊन ते झाकता येत नाही, आणि त्याआधीची जवळपास सत्तर वर्षं त्यानं पुसलीही जात नाहीत. त्यांनी माफी मागितली, ७ जूनला राजीनामा दिला. पुढे डिसेंबरात डिअरबॉर्नमध्ये त्या पुन्हा तशाच सुरात बोलल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यापीठानं, वेन स्टेटनं, त्यांच्या नावाचा पुरस्कारही बंद केला. २० जुलै २०१३ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.